लांबच्या नेमबाजीचा स्कोप: झूमच्या आधी टरेट बघा

स्कोप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, झूम किती? आकडा जितका मोठा तितका स्कोप भारी असं वाटतं, पण लांबच्या नेमबाजीत झूम हा खरंच नंतरचा विषय आहे.

हिशोब करून बघा. चांगली नजर साधारण १ आर्कमिनिट (एका अंशाचा साठावा भाग) इतकं बारीक ओळखते, म्हणजे १००० मीटरवर जवळपास २९ सेंटिमीटर. २० पट झूमला हेच दीड सेंटिमीटरवर येतं, आणि ५० मिमीची पुढची लेन्स त्या अंतरावर जेमतेम १.३ सेंटिमीटरपर्यंतच वेगळं दाखवू शकते, ही प्रकाशाच्या विवर्तनाची मर्यादा आहे, काच कितीही महागाची असो. त्यापुढे झूम वाढवलं तर चित्र नुसतं मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. उलट अंधार वाढतो, कारण ५० ला २५ ने भागलं की डोळ्यात येणारा झोत २ मिमीचाच उरतो, १० पटीला तोच ५ मिमी असतो, संध्याकाळी हा फरक लगेच कळतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते तीही मोठी होऊन दिसते, म्हणून बरेच नेमबाज उन्हात झूम मुद्दाम कमी ठेवतात.

मग बघायचं काय, तर टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायला स्कोपवर असलेली फिरती चकती. ७.६२ बाय ५१ मिमी काडतुसाची गोळी १००० मीटरपर्यंत जाताना दहा मीटरपेक्षा जास्त खाली येते, ते भरून काढायला टरेट साधारण १२ मिल फिरवावा लागतो. मिल हे कोनाचं माप, १ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर. आता टरेट जेवढं सांगतो त्यापेक्षा आतली नळी २ टक्के कमी सरकत असेल तर नेम २४ सेंटिमीटर चुकला, आणि माणूस दोष वाऱ्याला देत बसतो! शिवाय आतली एकूण हालचाल २४ मिल असेल तर मधल्या जागेपासून वर निम्मीच मिळते, म्हणून बाहेरची नळी ३४ मिमीची घेतात किंवा स्कोपखाली पुढे उतरता २० एमओएचा (म्हणजे २० आर्कमिनिटांचा) बेस लावतात, या बेसने वरच्या बाजूला ५.८ मिल जास्त मिळतात.

रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा-खुणा, पहिल्या फोकल प्लेनमधलं (झूमच्या लेन्सच्या पुढे बसवलेलं) असलं तर बरं, कारण झूम कितीही असलं तरी त्यावरच्या खुणांचं माप बदलत नाही. दुसऱ्या प्लेनमधल्याचं माप एकाच झूमला बरोबर येतं. पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं, तपासायला रायफल सँडबॅगवर पक्की ठेवा आणि डोकं जरा वर-खाली करा, रेटिकल टार्गेटवर सरकलं तर बाजूचा नॉब अजून नीट बसलेला नाही.

टरेटची परीक्षा गोळी न झाडता होते. स्कोप शिकंज्यात घट्ट आवळा, ओळंब्याने उभी रेघ मारलेला कागद बरोबर १०० मीटरवर लावा आणि टरेट १० मिल फिरवा. रेटिकल रेघ न सोडता बरोबर १ मीटर सरकायला हवं, परत शून्यावर आणलं की सुरुवातीच्याच टिंबावर यायला हवं. ९८ सेंटिमीटर भरलं तर तो स्कोप परत करा.