बैठ्या वर्तनाचे प्रश्नावलीद्वारे मापन

जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे पडून, अत्यल्प ऊर्जा खर्च करीत घालवलेला वेळ म्हणजे बैठे वर्तन. हा वेळ किती, हे त्या व्यक्तीलाच विचारून ठरवण्याच्या पद्धतीस स्वनिवेदन पद्धती म्हणतात. झोप यात धरत नाहीत. व्यायामाचा अभाव ही वेगळी बाब होय: पहाटे पाच किलोमीटर धावून पुढचे नऊ तास खुर्चीत काढणारा कारकून पुरेसा सक्रियही असतो आणि बैठाही.

संकल्पनेचा उगम : लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांच्यातील हृदयविकाराची तुलना करणाऱ्या, जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांच्या १९५३ मधील अभ्यासापासून या विषयाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. तथापि मॉरिस यांनी बसण्याचा वेळ मोजलेला नव्हता. व्यवसाय हाच त्यांचा निकष होता आणि त्यांचा भर वाहकाच्या जिन्यावरील चढउतारावर, म्हणजे श्रमावर होता. बसण्याकडे स्वतंत्र वर्तन म्हणून पाहण्याची सुरुवात साधारणतः २००० च्या आसपास, ऑस्ट्रेलियातील नेव्हिल ओवेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनात शोधणे अधिक युक्त वाटते. त्यापूर्वीच्या बऱ्याच लेखनात व्यायाम न करणाऱ्यालाच सरसकट ‘बैठा’ म्हटलेले आढळते. म्हणून जुनी कोष्टके नव्या आकड्यांशेजारी ठेवताना जपावे लागते.

व्याख्येचा वाद : या क्षेत्रातील संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ मध्ये दोन अटी एकत्र घातल्या. ऊर्जाव्यय १.५ मेट किंवा त्याहून कमी असावा आणि शरीर बसलेले वा रेललेले असावे. २०१७ च्या सुधारित परिभाषेत आडवे पडणेही स्पष्टपणे आले. (१ मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय, तो दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन एवढा धरतात.) १.५ ही रेघ संकेताने ठरलेली आहे. बसून करायची काही कामे ती ओलांडतात, तर स्तब्ध उभे राहणे कधी कधी तिच्याजवळ येऊन थांबते. जात्यावर दळणारी बाई बसलेली असते, पण या व्याख्येने ती बैठी ठरत नाही. उकिडवे बसण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. टांझानियातील हाडझा या शिकारी समाजात विश्रांतीचा वेळ दिवसाला सुमारे दहा तास भरतो; मात्र उकिडवे बसताना पायांचे स्नायू खुर्चीत बसण्यापेक्षा अधिक काम करतात, असे डेव्हिड राइक्लेन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले. प्रचलित प्रश्नावल्यांत खुर्ची, मांडी आणि उकिडवे यांना एकच रकाना आहे.

प्रमुख प्रश्नावल्या : आंतरराष्ट्रीय शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावली, म्हणजे ‘आयपॅक’, सर्वाधिक वापरात आहे. तिच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच ती कितपत मोजते याचा, १२ देशांतील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लघु आवृत्तीत गेल्या सात दिवसांतील कामाच्या दिवशी बसण्यात गेलेला वेळ एका प्रश्नात विचारतात. दीर्घ आवृत्तीत सुट्टीच्या दिवसाचा प्रश्न वेगळा आहे. येथे एक बारकावा वारंवार निसटतो. दीर्घ आवृत्तीत वाहनातील वेळ प्रवासाच्या भागात आधीच विचारलेला असतो आणि बसण्याच्या प्रश्नात तो पुन्हा धरू नये अशी सूचना असते. साहजिकच दोन्ही आवृत्त्यांतील ‘बसण्याचे तास’ एकच वस्तू नव्हेत. बसण्याचा आकडा क्रियाशीलतेच्या एकूण गुणांतही मिळवला जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची जागतिक शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावली, म्हणजे ‘जीपॅक’, ही १६ प्रश्नांची. त्यांतील एक बसण्याविषयीचा. त्यात नेहमीच्या एका दिवसाचा वेळ विचारतात आणि कचेरीतील टेबल, मित्रांची बैठक, पत्ते, दूरदर्शन, मोटार, बस व आगगाडी अशी उदाहरणे देतात. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणाऱ्याला या यादीतील आगगाडी कोणत्या अर्थाने बैठी, असा प्रश्न पडला तर नवल नाही. नऊ देशांतील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्या देशांत भारत होता.

दुसरा वर्ग क्षेत्रनिहाय प्रश्नावल्यांचा. ॲलिसन मार्शल व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रवास, काम, दूरदर्शन, घरचा संगणक आणि इतर फुरसत अशा पाच भागांत, कामाच्या व सुट्टीच्या दिवसांसाठी वेगवेगळे तास मागितले. विचारण्याचे तुकडे पाडले की आठवण सोपी जाते, पण बेरीज फुगते. जेवताना दूरदर्शन आणि हातात फोन असेल, तर तोच अर्धा तास दोनदा मोजला जातो. केवळ कालच्या दिवसाविषयी विचारणारी साधने स्मरणाचा भार आणखी कमी करतात.

सप्रमाणता : बसणे ही लक्षात ठेवण्याजोगी घटना नाही. माणूस पळालेला आठवतो, बसलेला आठवत नाही. त्यामुळे उत्तर बहुधा आठवणीतून न येता दिनक्रमाच्या अंदाजातून येते. ‘आयपॅक’च्या एकूण क्रियाशीलतेच्या बाबतीत पुनर्चाचणीचा, म्हणजे त्याच व्यक्तीला पुन्हा विचारून मिळालेल्या उत्तरांचा, सहसंबंध ०.८ च्या आसपास, तर अंगावर लावलेल्या हालचालमापक यंत्राशी सहसंबंध ०.३० च्या सुमारास आढळला होता (१ म्हणजे पूर्ण जुळणी). उत्तरात सातत्य असते, अचूकता तेवढी नसते, असा याचा अर्थ. स्टेफनी प्रिन्स व सहकाऱ्यांच्या २०२० मधील आढाव्यानुसार स्वनिवेदनात बसण्याचा वेळ यंत्रापेक्षा दिवसाला सरासरी पावणेदोन तासांनी कमी भरतो.

यंत्रही निर्विवाद प्रमाण नव्हे. कमरेला लावायच्या प्रवेगमापकात हालचालीच्या मिनिटाला १०० पेक्षा कमी नोंदी म्हणजे बैठा वेळ असा संकेत आहे. अमेरिकेतील २००३-०४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या रीतीने दिवसाला ७.७ तास, म्हणजे जागेपणीचा सुमारे ५५ टक्के वेळ बैठा ठरला. पण रांगेत स्तब्ध उभा असलेला माणूसही या यंत्राला बसलेलाच वाटतो. मांडीवर चिकटवायचे, अंगस्थिती ओळखणारे उपकरण या बाबतीत सरस आहे. मात्र बसलेला माणूस हिशेब लिहीत होता की मालिका पाहत होता, हे तेही सांगत नाही. एका प्रश्नाचा आकडा मोठ्या समूहांची ढोबळ तुलना करण्यास चालतो, एका व्यक्तीस सल्ला देण्यास नाही, हे मत अधिक ग्राह्य दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात बैठा वेळ कमी करा असे सांगितले आहे. तासांची मर्यादा दिलेली नाही.

मराठीतील अडचण : ‘बसणे’ या क्रियापदाचे मराठीतील सर्वच उपयोग अंगस्थिती दाखवत नाहीत. ‘वाट पाहत बसलो’ म्हणणारा थांब्यावर उभा असू शकतो. येथे ‘बसणे’ लांबलेली क्रिया सुचवते. ‘घरी बसला आहे’ म्हणजे नोकरी नाही. ‘दुकानावर बसतो’ म्हणणारा वाणी दिवसभर उठून माल काढत असतो. उलट, ‘तुम्ही दिवसातून किती वेळ बसता?’ असे विचारल्यावर ‘बसायला वेळ कुठे मिळतो?’ असे उत्तर देणारी गृहिणी भाजी निवडताना, मटार सोलताना तासभर जमिनीवर बसलेली असते. ते तिच्या लेखी काम असते, बसणे नव्हे. प्रश्नाचा शब्दशः अनुवाद येथे फसतो. ‘बूड टेकवून किंवा टेकून’ अशी शब्दयोजना आणि घरकामाची नावानिशी उदाहरणे दिल्यास घोटाळा कमी व्हावा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेह सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड व चंडीगडसह महाराष्ट्रात ‘जीपॅक’ वापरली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय असल्याचा आकडा त्यातलाच. तो अपुऱ्या श्रमाचा आहे, बसण्याच्या तासांचा नाही.

लहान मुलांच्या बाबतीत उत्तरे पालकांकडून घेतात. पालकांना घरातला पडद्यासमोरचा वेळ दिसतो, शाळेच्या बाकावरचा दिसत नाही.