शनिवार-रविवारच्या सामन्यांआधी: ‘ब’ संघाच्या कापलेल्या दोन गुणांची पार्श्वभूमी

येत्या शनिवारी क्लबचा ‘ब’ संघ घरच्या मैदानावर खेळतोय आणि रविवारी ‘अ’ संघ तालुक्याच्या गावी जातोय. ‘अ’ संघ तालुक्याच्या क्रिकेट लीगच्या तक्त्यात दुसरा आहे, त्याची फारशी काळजी नाही. ‘ब’ मात्र शेवटून दुसरा आहे. जिंकलेला एक सामना बाहेरच्या खेळाडूंच्या नियमावरून कागदावर हरलेला धरला गेला, दोन गुण गेले, आणि आता शनिवारी हरला तर पुढच्या फेरीचा विषयच संपतो. हे गुण कसे गेले ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

फार मागं जायची गरज नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा संघ रणजी करंडकात पहिल्या हंगामापासून, म्हणजे १९३४-३५ पासून होता. राज्य पुनर्रचनेनंतर १९५७-५८ मध्ये विदर्भ स्वतःच्या नावानं खेळू लागला. पण ते सारं नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये घडत होतं. खेड्यात क्रिकेट आलं ते आधी रेडिओवरून आणि १९८३ च्या विश्वचषकानंतर टीव्हीवरून. ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक झाली, त्याच सामन्यात भारताच्या सलामीवीरानं एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं. त्या दिवशीच्या गोष्टी गावातले जुने खेळाडू आजही तोंडपाठ सांगतात. तेव्हा मैदान म्हणजे गावाचा आखर. ढोरं रानात गेली की तुराट्यांचे स्टंप रोवायचे आणि ढोरं परतायच्या आत खेळ आवरायचा. वावरात खेळायचा प्रश्नच नव्हता, कारण कापसाची पऱ्हाटी फेब्रुवारीपर्यंत उभी असायची. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं आणि कोरडवाहू वावरं दिवाळीच्या आसपास मोकळी होऊ लागली. गावोगावचे हिवाळी सामने वाढले त्यामागं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याची नोंद कुणी फारशी घेत नाही.

हे सामने टेनिस बॉलचे आणि बाद पद्धतीचे. प्रवेश फी भरायची, पहिलं बक्षीस कुण्या पुढाऱ्याकडून, दुसरं कृषी केंद्रवाल्याकडून, माईकवर दिवसभर समालोचन. सुरुवातीला बक्षीस ढालीचं होतं, पुढं रोख रकमेचं झालं, आणि रक्कम वाढली तसे आणलेले खेळाडू आले. नागपूर-अमरावतीचे चार-पाच तयार खेळाडू सामन्यागणिक पैसे घेऊन आज या गावाकडून, उद्या त्या गावाकडून खेळायचे. गावचं नाव शर्टावर आणि गावचे पोट्टे सीमारेषेबाहेर पाणी द्यायला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आजच्या नियमाचा इतका आग्रह का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

लेदर बॉलची ओढ लागली ती विदर्भाचा संघ जिंकायला लागल्यावर. खापरखेड्याकडच्या खाण कामगाराचा मुलगा टेनिस बॉल खेळत मोठा झाला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला; विदर्भाकडून कसोटीत गेलेला तो पहिला. मग १ जानेवारी २०१८ ला इंदुरात दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राला हरवून ती राखली, आणि २०२४-२५ मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा घेतली. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं तर लेदरवर खेळता आलं पाहिजे, हे पोरांच्या बापांनाही कळलं. टेनिस बॉलवर आडव्या बॅटीनं मारलेला चेंडू षटकार जातो. लेदरवर तोच फटका यष्ट्या मोकळ्या करून देतो. एकदा हरलं की घरी, अशा बाद सामन्यांत हे शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून तालुक्यातल्या क्लबांनी एकत्र येऊन लीग सुरू केली: शनिवार-रविवार, लेदर बॉल, मॅटिंग, विजयाला दोन गुण, आणि रोख बक्षीस नाही. आपल्या क्लबात पोरं इतकी जमली की दोन संघ करावे लागले.

लीगच्या पहिल्याच बैठकीत ठरलं की अकरांत बाहेरचे दोनच, बाकी नऊ तालुक्यातले. हा नियम योग्य होता आणि आजही योग्य आहे. अडचण झाली ती तालुक्यातला कोण हे ठरवताना.

पहिल्या हंगामात आधार कार्डावरचा पत्ता धरला. एका संघानं आणलेल्या खेळाडूंचे पत्तेच बदलून घेतले. कार्ड खरं, पत्ता खरा, राहणारं माणूस मात्र तिथं कुणी नाही. त्यावर उपाय म्हणून या हंगामाआधी आयोजकांनी आधार सोडून मतदार यादी धरली. अठराच्या आतल्यांना शाळेचं बोनाफाईड. हा बदल व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला गेला. आयोजक म्हणतात, बैठकीच्या वहीत सगळ्या कर्णधारांच्या सह्या आहेत. क्लबचं म्हणणं असं की सही हजेरीची होती, छापील नियमावलीत अजूनही ‘रहिवासी पुरावा’ एवढंच लिहिलंय, आणि मतदार यादी हा शब्द त्यात कुठंच नाही. ती नियमावली आम्ही पाहिली आहे. क्लब म्हणतो ते खरं आहे.

‘ब’ संघात या बदलाचा फटका तिघांना बसला. पहिले जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. मूळचे नांदेडकडचे, पण कित्येक वर्षं गावातच भाड्यानं राहतात, पोरांचा सराव तेच घेतात. आधारवर पत्ता इथला, म्हणून पहिल्या हंगामात ते गावचे होते. मतदान मात्र अजून मूळ गावी, म्हणून यंदा बाहेरचे. दुसरा गावातल्या एका शेतकऱ्याचा भाचा. राहतो नागपूरला, बॅट धरायला मात्र मामाच्या गावी शिकला. तो आधीही बाहेरचा होता, आताही आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तिसरा डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म इथला, घर इथलं, सात-बारावर वडिलांसोबत नाव इथलं. चाकणला कंपनीत लागला आणि तिकडच्या खोलीच्या पत्त्यावर मतदार म्हणून नोंद झाली. तरीही शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सनं निघून शनिवारी सकाळी मैदानावर हजर होतो. त्या सामन्यात हे तिघंही अकरांत होते. समोरचा संघ हरला, मग त्यानं यादी तपासायची मागणी केली. बाहेरचे तीन निघाले, निकाल फिरला, आणि आपले दोन गुण त्यांच्या खात्यात गेले.

आयोजकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, कुणाचा जीव कोणत्या गावात आहे हे पाहत बसलो तर उद्या प्रत्येक भाडोत्री खेळाडू कुणाचा तरी भाचा निघेल. मतदार यादी कुणालाही तपासता येते, तिच्यात रातोरात फेरफार होत नाही. हे मान्यच आहे. पण नियम पैसे देऊन आणलेल्यांसाठी केला होता, आणि अडकला तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढून गावासाठी येणारा. आपल्या भागातली किती पोरं आज चाकणला, हिंजवडीला, बुटीबोरीला आहेत हे आयोजकांनाही ठाऊक आहे, त्यांच्याही घरची आहेत. तीच पोरं बाहेरची ठरणार असतील तर दोन-तीन हंगामांत लीगमध्ये शाळकरी पोरं आणि चाळिशीचे काका एवढेच उरतील. क्लबनं अपिलात साधी मागणी केली आहे: ज्याचं शालेय शिक्षण तालुक्यात झालं, त्याला शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तालुक्यातला धरावं. दाखला सहजी बदलता येत नाही, आणि आणलेल्या खेळाडूंना तो मिळायचा नाही. गुरुजींचा प्रश्न त्यानं सुटत नाही, हे खरं. पण त्यांना बाहेरच्यांच्या दोनांतल्या एका जागेवर खेळवता येतं.

मैदानाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण शनिवारच्या सामन्यावर त्याचा परिणाम होईल. तालुक्याच्या गावी सिमेंटच्या पट्टीवर मॅट आहे; चेंडू उसळून, वेगानं येतो. आपल्याकडं मुरूम दाबून त्यावर मॅट ताणतात, चेंडू खाली राहतो आणि फिरकीला साथ मिळते. सिमेंटची पट्टी करायचा प्रस्ताव होता, पण जागा महसुली कागदावर झुडपी जंगल आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी पसरल्या आहेत. त्यांवर शाळा, घरं, स्मशानं उभी आहेत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमिनीच असल्याचं स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जागा नियमित करायला केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली आहे, पण आपलं मैदान कधी कुणाला रीतसर वाटप झालेलंच नाही. त्यामुळं पट्टीचं काम थांबलं ते थांबलंच. मुरूम आणि मॅटला हरकत आलेली नाही, सामने त्यामुळं चालू आहेत.

अशा खेळपट्टीवर डावखुरा फिरकीवाला हवाच. पण त्याला घेतलं तर गुरुजी किंवा भाचा यांतला एक बाहेर बसणार. गुरुजींनी स्वतःच बसायची तयारी दाखवली आहे. कर्णधाराला मात्र ते यष्टिरक्षक म्हणून हवेत, कारण खाली राहणारा चेंडू यष्टींजवळ उभं राहून दुसरं कुणी धरत नाही. भाच्याच्या जागी बोनाफाईडवर नोंदलेला अकरावीतला सलामीवीर येईल असं दिसतं. ‘अ’ संघात असा पेच नाही, त्यांचे अकराही यादीतले आहेत. रविवारी सिमेंटवर त्यांचे दोन वेगवान गोलंदाज नवा चेंडू घेतील.

अपिलाची बैठक सोमवारी आहे. निकाल क्लबच्या बाजूनं लागला तर दोन गुण परत येतील, पण गुणांची बरोबरी झाल्यास धावगती पाहिली जाते आणि ‘ब’ची धावगती वाईट आहे. तेव्हा सोमवारी काहीही ठरलं तरी शनिवारचा सामना जिंकावाच लागेल. नाणेफेक सकाळी नऊला आहे. ट्रॅव्हल्स वेळेवर पोचली तर गोलंदाज तासभर आधी गावात असेल.