नायट्रोजन फक्त २०० च्या खालीच लागतो? नाही हो

सीडी मशीनवर (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे प्रकाश टाकून प्रोटीनची घडण तपासणारं यंत्र) नवीन बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सिनियर सांगतोच, "२८० नॅनोमीटर वेव्हलेंथला स्कॅन करायचाय ना, मग नायट्रोजन कशाला वाया घालवतोस". अर्धं खरंय, २०० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजनच प्रकाश खातो म्हणून तिथे गॅस लागतोच. पण झेनॉन दिवा पेटला की त्याच्या यूव्हीने ऑक्सिजनचा ओझोन होतो आणि तो आतल्या आरशांची वाट लावतो, तुम्ही कुठल्या वेव्हलेंथवर बसलाय याच्याशी दिव्याला काही देणंघेणं नाही! म्हणून आधी गॅस, थोड्या वेळाने दिवा, आणि बंद करताना उलटं.

आता आरसे खराब झाले तर एवढं काय बिघडतं? तर प्रिझममधून आलेला प्रकाश क्वार्ट्झच्या एका ठोकळ्यातून जातो, तो ठोकळा सेकंदाला साधारण ५०,००० वेळा दाबला-ताणला जातो, त्याने प्रकाश आळीपाळीने डावा-उजवा गोल फिरतो आणि प्रोटीन त्यातला कुठला जास्त शोषतं तो फरक मोजायचा, जो एकूण शोषणाच्या मानाने अगदी चिमूटभर असतो. खराब आरशांमुळे प्रकाश कमी पडला की डिटेक्टरचं व्होल्टेज चढतं, आणि अल्फा हेलिक्सचे (प्रोटीनमधली स्प्रिंगसारखी गुंडाळी) आलेखातले २०८ नि २२२ वरचे ते दोन सुंदर खड्डे, त्यातला २०८ वाला आधी, नुसती खरखर होऊन बसतो.