पिवळ्या वायरीत अक्षरं का फुटतात?

लॅपटॉपवरचा सिनेमा पिवळ्या पिनेच्या वायरीने जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावला तर झकास दिसतो. त्याच टीव्हीवर एक्सेलची शीट उघडा. आकडे फुटलेले, ३ कुठला आणि ८ कुठला ते कळेना, काळ्या अक्षरांच्या कडांना हिरवट-जांभळी झाक. मग बहुतेक जण खापर वायरीवर फोडतात आणि सोनेरी पिनांची महागडी वायर घेऊन येतात. पैसे जातात, अक्षरं तशीच राहतात.

थोडं गणित करू. आपल्याकडे टीव्ही ‘पाल’ पद्धतीने चालत आला. एका चित्रात ६२५ आडव्या रेषा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखांश भाग) येतात. त्यातले सुमारे १२ इलेक्ट्रॉनांचा झोत परत डावीकडे आणण्यात जातात, चित्रासाठी उरतात ५२. प्रक्षेपणात चित्राला ५ मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाख आवर्तनांची, जागा दिलेली. एका आवर्तनात एक उजळ आणि एक काळा ठिपका बसतो, म्हणून ५२ गुणिले ५ गुणिले २: एका रेषेत फार तर ५२० ठिपके. डॉसच्या काळातल्या साध्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं असत, प्रत्येक ८ ठिपके रुंद. झाले ६४०. रंगाचं नावही काढलेलं नाही आणि जागा संपली!

रंगाची गोष्ट आणखी अवघड. भारतात १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा लोकांकडे कृष्णधवल संच होते आणि तेही चालू राहायला हवे होते. रंगीत टीव्ही आणणाऱ्या सगळ्याच देशांपुढे हा पेच होता. त्यामुळे रंगाला वेगळी जागा न देता तो त्याच ५ मेगाहर्ट्झमध्ये, ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर स्वार करून घुसवला गेला. डोळ्याला रंगातले बारकावे फारसे टिपता येत नाहीत, हे हेरून रंगाचा तपशील साधारण १.३ मेगाहर्ट्झवर छाटला. मघाचंच गणित लावलं तर रंगाचे जेमतेम १३५ ठिपके पडतात. माणसाच्या चेहऱ्याला ते पुरतात, निळ्या पाटीवरच्या लाल अक्षरांना पुरत नाहीत.

पिवळ्या पिनेच्या वायरीतून, म्हणजे कंपोझिट व्हिडिओतून, उजेड, रंग आणि रेषा कुठे सुरू करायची याच्या खुणा असं सगळं एकत्रच जातं. टीव्हीने ते वेगळं करायचं म्हणजे कालवलेल्या दहीभातातून दही बाजूला काढायचं. ४.४३ च्या आसपास जे सापडेल ते टीव्ही रंग समजतो. अक्षरांच्या बारीक उभ्या काड्याही नेमक्या त्याच पट्ट्यात लहरी उठवतात. हिरवट-जांभळी झाक येते ती तिथून. बातम्या देणाऱ्याच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचायचं, त्याचं कारणही हेच.

चार पिनांच्या गोल एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. पडद्यावर फरक लगेच दिसतो. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएने, म्हणजे संगणक पडद्याला जोडायच्या पद्धतीने, तर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग सुटे केले आणि खुणांनाही स्वतंत्र तारा दिल्या.

इथे एका फसवणुकीबद्दल सांगायला हवं. एका टोकाला निळा व्हीजीए प्लग आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना, अशी स्वस्त वायर लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे दिसते. ती नुसती तार आहे, आत सर्किट नाही. व्हीजीएचा सिग्नल सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा फेकतो आणि जुना टीव्ही १५,६२५ च्या तालावर बांधलेला. पडद्यावर तिरक्या फाटक्या पट्ट्यांशिवाय काही येत नाही. काही ग्राफिक्स कार्डं त्याच प्लगमधून टीव्हीचा सिग्नल देत, ही वायर त्यांच्यापुरती. टीव्हीच्या मागे ‘पीसी’ लिहिलेलं व्हीजीए सॉकेट असेल तर साधी व्हीजीए केबल लावा, आवाजासाठी वेगळी वायर घ्या आणि मोकळे व्हा.

ते नसेल तर कन्व्हर्टर लागतो: आगपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, एकीकडे एचडीएमआय, दुसरीकडे पिवळी-पांढरी-लाल सॉकेटं, यूएसबीवर चालणारी. उलट दिशेने काम करणारी डबी दिसायला हुबेहूब तशीच असते, म्हणून डबीवरचं ‘इनपुट’ कुठे लिहिलंय ते बघूनच पैसे द्या. कडेला पाल आणि एनटीएससीचं (ही अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) बारीक बटण असतं. ते चुकलं तर चित्र कृष्णधवल येतं किंवा वरखाली पळतं. लोक एवढ्यावरून डबी परत करतात.

डबीनेही सगळं सुटत नाही. टीव्ही आधी विषम क्रमांकाच्या रेषा काढतो, मग सम. देवनागरीची शिरोरेखा एकाच ठिपक्याएवढी जाड असेल तर ती यातल्या एकाच फेरीत येते, सेकंदाला २५ वेळा, आणि लुकलुकते. मराठी मजकुराची ओळच्या ओळ थरथरताना दिसते. कन्व्हर्टर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळून हे थांबवतो, पण अक्षर आणखी मऊ होतं. फॉन्ट मोठा आणि ठळक करणं हाच त्यातल्या त्यात उपाय. शिवाय जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीबाहेर ढकलतात, त्यात विंडोजची खालची पट्टी गायब होते.

या दोषाचं कुणी सोनंही केलं. १९७७ च्या ॲपल टू या संगणकात ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझनियाकने रंगासाठी वेगळं सर्किट जवळपास टाळलंच. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जागा अशी निवडली, की अमेरिकी टीव्ही त्यांना रंगाची लहर समजून फसेल आणि पडद्यावर जांभळा, हिरवा उमटेल. युक्ती एनटीएससीच्या ३.५८ मेगाहर्ट्झला धरून होती. पालच्या देशांसाठी काढलेल्या ॲपल टू युरोप्लसमध्ये ती चालेना, तिथे रंग हवे असतील तर वेगळं कार्ड बसवावं लागे.