साधं एस्ट्राडिओल की एलसी-एमएस वालं? टेस्टोस्टेरॉन चालू असताना कुठली टेस्ट करायची

मागच्या हिवाळ्यात इंदूरच्या पलासियातल्या एका लॅबचा रिपोर्ट आला, एस्ट्राडिओल (अंगातलं मुख्य एस्ट्रोजेन) ५८ पिकोग्राम, बाजूला ठळक अक्षरात 'हाय', आणि माझ्या पोटात गोळाच आला. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू होऊन तेव्हा चार महिने झाले होते. जिममधला एक जण म्हणाला अॅनास्ट्रोझोल घे, म्हणजे एस्ट्रोजेन पाडणारी गोळी, अर्धी अर्धी गोळी, आणि लगेच स्ट्रिप हातात ठेवली. मी घेणारच होतो, पण मावसभाऊ लॅब टेक्निशियन आहे, त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "दादा, आकडा राहू दे, खाली मेथड काय लिहिलीय ते वाच." बारीक अक्षरात होतं: सीएलआयए.

तर हे सीएलआयए म्हणजे अँटीबॉडीवाली टेस्ट, स्वस्त, रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी. ती मुळात बायकांसाठी चांगली आहे, पाळीच्या मध्यावर किंवा आयव्हीएफच्या वेळी एस्ट्राडिओल काहीशे पिकोग्रामवर असतं, तिथे दहा-पंधराचा फरक पडला तरी काही बिघडत नाही. पुरुषाचं असतं साधारण १० ते ४०, तिथे तोच दहा-पंधराचा फरक म्हणजे नॉर्मल माणूस हाय दिसणार. त्यात अँटीबॉडी इतर स्टेरॉइडनाही थोडीफार चिकटते, आणि अंगात सूज असली, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला असला तर आकडा वर जाऊ शकतो, स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मधे पुरुषांवर हेच दाखवलं की सीआरपीशी नातं अँटीबॉडीवाल्या आकड्याचं होतं, वजनावरून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक टेस्टच्या आकड्याचं नव्हतं. मला त्या आठवड्यात ताप-खोकला होता आणि वर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू! बायोटिनमुळेही काही मशीनांवर एस्ट्राडिओल खोटं वाढलेलं दिसतं.

एलसी-एमएस/एमएस ही मास स्पेकवाली टेस्ट, तिच्यात अँटीबॉडीच नसते, आधी मिश्रणातून रेणू वेगळे काढतात मग वजनावरून ओळखतात, म्हणून कमी आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. महाग आहे, आणि माझं सॅम्पल इंदूरबाहेर गेलं, रिपोर्टला पाच दिवस लागले. पण आकडा आला २९. स्ट्रिप त्याच दिवशी परत केली.

हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण पुरुषालाही एस्ट्रोजेन लागतं, टेस्टोस्टेरॉनमधूनच अॅरोमाटेझ ते बनवतं, मुख्यतः चरबीत. ते विनाकारण पाडलं तर इच्छा कमी होते, पोट वाढतं, सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात. चुकीच्या टेस्टवर गोळी सुरू करणं म्हणजे धडधाकट हाडांवर घाव घालणं आहे हो.

काउंटरवर नुसतं 'सेन्सिटिव्ह' म्हणू नका, काही अँटीबॉडीवाल्या टेस्टनाही तेच नाव असतं. 'एलसी-एमएस ने होणारं एस्ट्राडिओल' असं सांगा. 'टोटल एस्ट्रोजेन' ही तिसरीच टेस्ट आहे, ती नको. रिपोर्ट पिकोमोलमधे आला तर ३.६७ ने भागा, नाहीतर १०० बघून उगाच घाबराल. आणि रक्त दर वेळी एकाच टप्प्यावर द्या, मी पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी सकाळी देतो, बायोटिन दोन-तीन दिवस आधीच बंद करून.