जबाब कुणाचा, शब्द कुणाचे?

कुठल्याही पोलीस ठाण्यातली एखादी फिर्याद वाचून पाहा. ‘समक्ष विचारले वरून सांगते की, सदर इसम माझे राहते घरी आला व मला शिवीगाळ करून, हाताबुक्क्यांनी मारहाण करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली.’ खाली अंगठा एखाद्या शेतमजूर बाईचा. हीच हकिकत ती शेजारणीला सांगेल तेव्हा त्यात ‘सदर’ नसेल आणि ‘इसम’ही नसेल. घटना तिची, भाषा हवालदाराची. यात लबाडी असतेच असं नाही, वर्षानुवर्षांचा साचा हाताला बसलेला असतो. पण फाशी की सुटका हे कागदावरच्या एका वाक्यावर ठरणार असेल, तर ते वाक्य नेमकं कुणाचं हे कुणीतरी तपासायला हवं. न्यायसहायक भाषाविज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक लिंग्विस्टिक्स, हा विषय याच शंकेतून उभा राहिला. त्याचं प्रशिक्षण आज ज्या उदाहरणांनी सुरू होतं ती दोन्ही लंडनची आहेत, आणि दोन्हींचा शेवट फासावर झाला.

पहिलं टिमथी इव्हान्सचं. नोव्हेंबर 1949 मध्ये हा जेमतेम अक्षरओळख असलेला तरुण वेल्समधल्या एका पोलीस ठाण्यात आपणहून गेला. त्याचे एकामागून एक जबाब झाले. पुढे लंडनमध्ये नोंदवलेल्या जबाबात बायको आणि तान्ह्या मुलीच्या खुनाची कबुली होती. मार्च 1950 मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा, त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी स्वतःच अनेक खुनांचा कर्ता निघाला आणि 1953 मध्ये फासावर गेला. इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली ती 1966 मध्ये. स्वीडनचे भाषावैज्ञानिक यान स्वार्टविक यांनी ते जबाब घेऊन वाक्यं कशी जोडली आहेत हे मोजलं. वादग्रस्त कबुलीची वीण बाकीच्या मजकुराशी जुळत नव्हती. हा अभ्यास 1968 मध्ये गॉथेनबर्गहून प्रसिद्ध झाला आणि ‘फॉरेन्सिक लिंग्विस्टिक्स’ ही संज्ञा त्याच्या शीर्षकातच होती. मजकूर थोडा आहे, निष्कर्ष जपून घ्या, हेही त्यांनी बजावलं होतं.

दुसरं प्रकरण डेरेक बेंटलीचं, आणि खरा धडा त्यातच आहे. नोव्हेंबर 1952, लंडनजवळचं क्रॉयडन. चोरीच्या बेताने दोघे एका गोदामाच्या छतावर चढले होते. सोळा वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगने गोळी झाडून एका पोलिसाचा जीव घेतला. क्रेग अल्पवयीन म्हणून फाशीतून वाचला. एकोणीस वर्षांचा बेंटली त्याआधीच पोलिसांच्या ताब्यात आला होता, तरी जानेवारी 1953 मध्ये फाशी झाली ती त्याला. तो ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’ असं ओरडला, असं पोलीस म्हणाले. आपल्या ‘दे त्याला’सारखंच हे: पिस्तूल देऊन टाक, की हाण त्याला? दोन्ही अर्थ निघतात. असं काही बोललोच नाही, असं बेंटलीचं म्हणणं होतं.

त्याचा जबाब 582 शब्दांचा. आम्ही प्रश्न विचारले नाहीत, तो सांगत गेला आणि आम्ही लिहीत गेलो, हे पोलिसांनी शपथेवर सांगितलं. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे माल्कम कूल्टहार्ड यांनी त्यातला ‘देन’ (म्हणजे ‘मग’) हा साधा शब्द पकडला. तो दहा वेळा आला होता. त्यातही ‘देन आय’ऐवजी ‘आय देन’ अशी उलटी जोडी तीनदा. बोलत्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहात ही जोडी सुमारे 1,65,000 शब्दांमागे एकदा सापडत होती. पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत मात्र ‘देन’ दर 78 शब्दांमागे एकदा. म्हणजे लकब पोलिसांची. शिवाय जबाबात नकार बरेच होते: तो पिस्तूल वापरणार आहे हे मला माहीत नव्हतं, वगैरे. आपल्याला काय माहीत नव्हतं हे माणूस सहसा कुणी विचारल्यावरच सांगतो. म्हणजे प्रश्न झाले होते, कागदावर फक्त उत्तरं उरली.

1998 मध्ये बेंटलीला दोषी ठरवणारा निकाल रद्द झाला. तो भाषेच्या पुराव्यामुळे, असं बरेचदा सांगतात, पण ते खरं नाही. न्यायालयाचा मुख्य आक्षेप मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या एकतर्फी मार्गदर्शनावर होता. या विषयाच्या विद्यार्थ्याने हे आधी पाठ करावं.

1993 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना, पुढच्या वर्षी नियतकालिक, मग कार्डिफ, अ‍ॅस्टन आणि न्यूयॉर्कजवळच्या हॉफ्स्ट्रा विद्यापीठांत पदव्युत्तर वर्ग, अशी प्रशिक्षणाची घडी बसत गेली. त्याच काळात एक फजितीही झाली. ‘क्यूसम’ नावाची आलेख काढून लेखक ओळखण्याची पद्धत इंग्लंडच्या कोर्टात पोचली होती. टीव्हीवरच्या चाचणीत तिला एका शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचं लिखाण आणि सरन्यायाधीशांचं लिखाण वेगळं ओळखता आलं नाही.

आपल्याकडची वाट वेगळी. 1872 च्या पुरावा कायद्याने कलम 25 मध्ये पोलिसांसमोरची कबुली सरळ बादच ठरवली होती. पण शब्द कुणाचे हा प्रश्न मागच्या दाराने आलाच. नागपूरच्या एका खुनाच्या खटल्यात (खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य) सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये म्हटलं की मृत्यूपूर्व जबाब प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्यतो सांगणाऱ्याच्याच शब्दांत हवा. मग 1999 मध्ये मोक्का आला. त्याच्या कलम 18 खाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. मात्र ती विचारपूस ज्या भाषेत झाली त्याच भाषेत आणि आरोपीने सांगितली तशीच नोंदवायची, ही अट. ‘सांगितली तशी’ हे तपासणार कोण?

जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये तज्ज्ञ म्हणून हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे नावानिशी होते, भाषा नव्हती. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये ‘अन्य कोणतंही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. दार किलकिलं झालं म्हणायचं. पण इंग्रजीच्या आकड्यांवर शिकलेला तज्ज्ञ मराठी कागदापुढे आंधळाच. त्याला ‘करून राहिला’ कुठला आणि ‘म्या’ कुठला हे ठाऊक हवं. धमकीच्या मेसेजमध्ये रोमन लिपीत ‘आहे’ लिहिताना कोण एक ‘ए’ घालतो, कोण दोन, हे बघायची सवय हवी. आणि सगळ्यात आधी पोलिसी मराठी वेगळी काढता यायला हवी.

साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा 2009 च्या अखेरीपासून कायद्यात आहे. मराठी प्रशिक्षणाचा पहिला तास मी तिथेच घेईन: एका बाजूला मुद्रण, दुसऱ्या बाजूला त्याच बोलण्याचा टाइप केलेला कागद. आणि त्या कागदाची शेवटची ओळ, जी प्रत्येक जबाबात तीच असते: ‘माझा जबाब संगणकावर टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’