संभाजी महाराजांची बखरीतील प्रतिमा

छत्रपती संभाजी महाराजांचे (१६५७–१६८९) जे रूप मराठी वाचकाने दीर्घकाळ खरे मानले, ते त्यांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी उभे केले होते. तापट, व्यसनी, कवी कलश ऊर्फ कलुशा या आपल्या मर्जीतल्या माणसाच्या हाती कारभार सोपवून बसलेला राजा, हे वर्णन मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून रूढ झाले. ही बखर साताऱ्यात १८११ च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे १२२ वर्षांनी.

या अंतराइतकेच बखरकाराचे घराणेही ध्यानात घ्यावे लागते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मल्हाररावांचे पूर्वज. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी त्यांना देहदंड दिला. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याने मात्र त्याच राजाची पुढे निष्ठेने चाकरी केली. एकाच घरात हे दुःखही होते आणि हा अभिमानही. बखरकाराने मुद्दाम खोटे रचले, असे मानायचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात ऐकलेली हकिकत माणूस खरी धरूनच लिहितो.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात चिटणिसांच्या लेखनाचा आधार घेतला. पुढे हीच प्रतिमा राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ या नाटकातून रंगभूमीवर आली. बखर, इंग्रजी इतिहास आणि नाटक अशा तिघांची साक्ष जुळते असे वाचकाला वाटत राहिले. मूळ साक्षीदार बहुतांशी एकच होता.

ही प्रतिमा तपासायची कशी, याचे चांगले उदाहरण म्हणजे सोयराबाईंची कथा. रायगडावर येताच संभाजी महाराजांनी सावत्र आईला भिंतीत चिणून मारले, असे परंपरेने सांगितले जाई. पण कुडाळच्या बाकरे यांना महाराजांनी दिलेले संस्कृत दानपत्र ऑगस्ट १६८० चे, म्हणजे रायगड हाती आल्यानंतरचे आहे. त्यात सोयराबाईंचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे. सोयराबाईंचा मृत्यू ऑक्टोबर १६८१ मधला. दानपत्र देणाऱ्याला सव्वाशे वर्षांनंतरच्या बखरीला उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून त्या ओळीचे वजन फार मोठे आहे. अस्सल कागदाच्या चिटोऱ्यापुढे बखरी टिकत नाहीत, असे इतिहासाचार्य राजवाडे मानत, ते यासाठीच.

शत्रूकडचे कागदही उपयोगी पडतात. १६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी गोव्याजवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेविअरची शवपेटी उघडवून, गोव्याचे रक्षण आता त्यानेच करावे म्हणून, आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. ऐषारामात बुडालेल्या राजाच्या धास्तीने कोणी असे करत नाही.

वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे अशी साधने गोळा करून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि बखरीचे चित्र मुळातून हलले. कमल गोखले यांच्या संशोधनाने त्यात मोलाची भर पडली. पण आज घरोघर पोचलेले निर्दोष वीराचे चित्रही बहुतेकांना कादंबऱ्या आणि पडद्यावरूनच मिळालेले आहे, आणि त्यालाही तीच कसोटी लावायला हवी.

१६७८ च्या अखेरीस महाराज मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभराने पन्हाळ्यावर परतले, एवढे निश्चित आहे. तिथे बापलेकांची भेट झाली. त्या वेळी राज्याच्या वाटणीबद्दल जे बोलणे झाल्याचे सांगतात, ते सभासद बखरीतले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, संभाजी महाराजांचे सावत्र भाऊ राजाराम महाराज यांच्या सांगण्यावरून. आणि त्या वाटणीतला दुसरा वाटा राजारामांचाच होता.